‘लवकरच प्रसिद्ध होईल’

श्रोतेहो, जुने मराठी पुस्तक हाती आले की आपण काय करतो? पहिले पान उघडतो, नाव पाहतो, लेखक पाहतो आणि वाचायला लागतो. मी मात्र अलीकडे पुस्तक उलट्या बाजूने उघडायला शिकलो आहे. मलपृष्ठ आणि त्याच्या आतली दोनचार पाने आधी पाहायची. तिथे बारीक टाइपात जाहिराती असतात. ‘छापून तयार’, ‘छापत आहे’, ‘लवकरच प्रसिद्ध होईल’, ‘आगाऊ वर्गणी पाठवणारास सवलत’. कादंबरी असते, नाटक असते, बखर असते, कोश असतो. यातली काही पुस्तके पुढे आली. काही कधीच आली नाहीत. काही आली, पण ज्यांच्यासाठी लिहिली होती ती माणसे निघून गेल्यावर आली. आज या येऊ घातलेल्या पुस्तकांचीच थोडी कहाणी सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, ही काय इतिहासाची गोष्ट झाली? इतिहास म्हणजे राजे, लढाया, तह. पण पुस्तकाची जाहिरात म्हणजे वचन असते हो. कुणीतरी कुणाला तरी सांगतो, मी हे देईन, तू थांब. कधी म्हणतो, आधी पैसे दे. असे वचन कोण देतो, त्यावर विश्वास कोण ठेवतो आणि ते मोडले तर का मोडले, हे पाहिले की त्या काळच्या समाजाची नाडी हाती लागते.

मराठीत छापील पुस्तक आले तेव्हा वाचक नावाचा प्राणी अजून जन्माला यायचा होता. १८०५ साली विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी भाषेचे व्याकरण छापले, ते कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांसाठी. त्याच वर्षी मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली. हा उद्योग मुळात नाना फडणवीसांनी मनावर घेतलेला; पण ते १८०० सालीच वारले होते. म्हणजे बघा, ज्याच्या मनात पुस्तक आले त्याला ते पाहायला मिळाले नाही, ही रीत आपल्याकडे अगदी पहिल्या पानापासून आहे. पुढे मुंबईत शाळांसाठी पुस्तके करणारी मंडळी उभी राहिली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. या सगळ्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः एकच होते, सरकार. सरकार प्रती घेईल तर पुस्तक छापायचे.

सरकारने चांगली कामे केली नाहीत असे नव्हे. तुकाराममहाराजांच्या गाथेची १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेली प्रत घ्या. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी हस्तलिखिते ताडून ती सिद्ध केली. मुंबई सरकारने त्यासाठी २४ हजार रुपये दिले. त्या काळचे २४ हजार, लक्षात घ्या. पुढे १९५० साली सरकारनेच गाथा पुन्हा छापली, तेव्हा याच प्रतीचा आधार घेतला. तुमच्या गावच्या देवळात सप्ताहाला जी गाथा उघडली जाते, तिच्या पाठीशी हा हिशेब आहे.

पण दाता एकच असला की त्याच्या दारात कुणाला उभे राहू द्यायचे हा प्रश्न येतोच. पेशवाईत श्रावणमासी पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती आटोपती घेतली, आणि १८४९ साली पुण्याच्या सुधारक तरुणांनी अर्ज केला की या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत. जुन्या शास्त्रीमंडळींनी गहजब केला. तरी १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटी सुरू झाली, आणि तिच्या बक्षिसांवर कितीतरी पुस्तके निघाली. गणित निघाले, वैद्यक निघाले, भाषांतरे तर उदंड निघाली. मी तिला नावे ठेवणार नाही.

मात्र १८५५ साली या कमिटीपुढे एक नाटक आले. नाव ‘तृतीय रत्न’. लिहिणारा अठ्ठावीस वर्षांचा, पुण्यात मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा चालवणारा मास्तर. त्यात एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे आणि ग्रहांची भीती घालून त्यांना नागवणारा जोशी आहे. मधून मधून विदूषक येतो आणि बोचेल असे बोलतो. शेवटी ते जोडपे शहाणे होऊन रात्रीच्या शाळेत शिकायला निघते. शेतकऱ्याच्या घरातले बोलणे, त्याचा धाक, त्याचे कर्ज मराठी नाटकात इतक्या लवकर आले होते! रंगभूमीचा इतिहास आपण सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सीतास्वयंवरापासून सांगतो. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांतली ही गोष्ट.

हे नाटक लिहिणारे जोतीराव फुले. पुढे ‘गुलामगिरी’त त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले. बक्षीस नाही म्हणून छपाई नाही. हस्तलिखित राहिले ते राहिले. छापून निघाले १९७९ साली. म्हणजे १२४ वर्षांनी! मी वर्गात हा आकडा फळ्यावर लिहितो तेव्हा मुले आधी हसतात. मग गप्प होतात. कारण ज्या कुणबिणीसाठी ते लिहिले तिच्या चार पिढ्या तोवर होऊन गेल्या होत्या.

तुम्ही विचाराल, मग फुल्यांनी आपल्या माणसांकडून का नाही छापून घेतले? तसाही प्रयत्न झाला, त्याची गोष्ट याहून कडू आहे. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. सारा, सावकार, खात्यांचा जाच, पाटबंधाऱ्याचे पाणी, जनावरांच्या रोडावत चाललेल्या जाती, गावच्या कुणब्याच्या झोपडीतले मडक्या-गाडग्यांपर्यंतचे वर्णन. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने आजही समोर ठेवावे असे पुस्तक. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात आली. हे पत्र सत्यशोधकांचेच. पण पुढचा भाग छापणे थांबले. सरकारची इतराजी होईल ही भीती, असे जोतीरावांचे म्हणणे, आणि त्यांनी ते रागावून लिहिले आहे. पाच प्रकरणांचा तो ग्रंथ त्यांच्या हयातीत पुरा छापून झाला नाही.

पण इथेच मौज आहे. छापला नाही म्हणून तो लोकांपर्यंत पोचला नाही असे नाही. जोतीरावांनी तो वाचून दाखवला! मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोक जमवून वाचला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याने पुस्तक कानाने वाचले. रेडिओवर बोलताना मला या गोष्टीची आठवण हटकून होते. आणि तुमच्यापैकी जे गुरुजी संध्याकाळी पारावर चार माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असतील, त्यांनी समजावे की हा धंदा जुना आणि मानाचा आहे.

शेवटचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिले. १८९० साली ते गेले. पुस्तक १८९१ साली त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी काढले. आणि ‘समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रसिद्ध केले. ज्या माणसाला सरकारी कमिटीने १८५५ साली परत पाठवले त्याचे ग्रंथ शेवटी सरकारी मंडळानेच छापले.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. सरकार नको आणि कमिटीही नको, तर पैसा आणायचा कुठून? वर्गणीदार, हे याचे उत्तर. एकोणिसाव्या शतकातली पुस्तके चाळा. कित्येकांत आश्रय देणाऱ्यांची यादी छापलेली दिसेल. रावसाहेब अमुक, दहा प्रती. मामलेदार तमुक, दोन प्रती. मग खाली खाली येता येता एखादा शाळामास्तर, एक प्रत. मला या खालच्या ओळी फार आवडतात. दहा प्रती घेणाऱ्याने त्या वाचल्या असतीलच असे नाही. पण एक प्रत घेणाऱ्या मास्तराने ती नक्की वाचली, आणि बहुधा गावाला वाचून दाखवली.

यातूनच मासिक पुस्तकांची युक्ती निघाली. सगळा ग्रंथ एकदम छापायला पैसा नाही, तर दरमहा थोडा थोडा छापायचा. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला. त्यात एका अंकात बखरीचा तुकडा, जुन्या पत्रांचा तुकडा, काव्याचा तुकडा, आणि प्रत्येकाचे पृष्ठांक निराळे. वर्गणीदाराने अंक साठवावेत, मग सुटे करून एकेक ग्रंथ वेगळा बांधून घ्यावा. साने हे शिक्षणखात्यातले गृहस्थ. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर अशा बखरींना त्यांनी असे उजेडात आणले. पुढे कोल्हापुरास विजापूरकरांची ‘ग्रंथमाला’ निघाली, १८९४ साली. कादंबरीनेही हीच वाट धरली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात आठवड्याच्या हप्त्याने आली. यमूचे पुढे काय होणार म्हणून घरोघर वाट पाहिली गेली. हरिभाऊंचीही एक खोड होती बरं का. एक कादंबरी चालू असता दुसरी सुरू करायची. त्यामुळे ‘कालकूट’सारखी एखादी अपुरीच राहिली.

नाटकांचे निराळेच. नाटक मंडळीची मिळकत म्हणजे तिची संहिता; ती छापली की दुसरी मंडळी उचलणार, म्हणून छापायची घाई नसे. त्यात लेखक अकाली गेला की संपले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘रामराज्यवियोग’ तीन अंकांवर थांबले ते थांबले. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला तो त्यांच्यामागे, आणि ‘राजसंन्यास’ अपुराच छापावा लागला. उलट खाडिलकरांचे ‘कीचकवध’ छापून तयार होते, प्रयोगही जोरात चालले होते. १९१० साली सरकारने बंदी घातली आणि छापलेले पुस्तकच नाहीसे करायला निघाले.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे. शिक्षकांनी तर ऐकलेच पाहिजे. खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक. पटवर्धनांच्या दप्तरातली जुनी मोडी पत्रे त्यांच्या पाहण्यात आली. शाळा सांभाळून ती वाचायची, लावायची, नकला करायच्या, प्रस्तावना लिहायची. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ दरमहा काढायला सुरुवात केली. पानिपतानंतरच्या मराठी राज्याचा इतिहास त्या पत्रांतून दिवसाच्या हिशेबाने उभा राहतो. कुठली फौज कुठे उतरली, वैरण मिळाली की नाही, खजिना कधी आला, हे सगळे! एकामागून एक खंड त्यांनी १९२४ साली मरण येईपर्यंत काढले, आणि मधल्या वेळात नाटकेही लिहिली. राजवाड्यांचे नाव आपण सगळे घेतो आणि घेतलेच पाहिजे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, आणि असे बावीस खंड त्यांच्या नावावर आहेत. पण राजवाडे घरदार सोडून भटकणारे तपस्वी. खरे पडले हजेरीपट घेऊन वर्गावर जाणारे मास्तर. त्यांनी महिन्याच्या महिन्याला दिलेले वचन पाळले, याचे मला अधिक कौतुक वाटते. कदाचित मीही वर्गावर जातो म्हणून असेल.

आता सगळ्यात मोठे वचन. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून कॉर्नेलची पदवी घेऊन १९१२ च्या सुमारास परतले आणि म्हणाले, मराठीत ज्ञानकोश करणार. एक लेखकही नव्हता, पैसा नव्हता, पाठीशी संस्थानिक नव्हता. त्यांनी काय करावे? नागपुरास मर्यादित कंपनी काढली आणि ज्ञानकोशाचे भाग विकायला काढले. कापडगिरणीचे भाग विकतात तसे! शिवाय आगाऊ वर्गणीदार गोळा करायचे. त्यांची माणसे गावोगाव हिंडली. वकील, डॉक्टर, मास्तर, सुखवस्तू शेतकरी यांच्या ओसरीवर बसून त्यांनी न लिहिलेले पुस्तक विकले. केतकर स्वतःही हिंडले. पुढे काम पुण्यात आले, स्वतःचा छापखाना उभारला. १९२० च्या सुमारास पहिला खंड आला आणि ते दशक संपण्याच्या आत तेविसावा. आधी पाच प्रस्तावनाखंड, मग अकारविल्हे कोश, नंतर सूची, शेवटी हिंदुस्थानखंड.

यात चुका आहेत. काही नोंदी घाईच्या आहेत, आणि केतकरांची मते जागोजागी डोके वर काढतात. कोशात मत नसावे असे विद्वान म्हणतात. म्हणोत. ज्या काळी मराठीला विद्यापीठात धड बसायला जागा नव्हती त्या काळी एका माणसाने मराठी माणसांकडून आगाऊ पैसे घेऊन तेवीस खंड त्यांच्या घरात पोचवले. त्याच कामात तयार झालेल्या दाते आणि कर्वे यांनी पुढे सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ केला, १९३२ ते ३८. केतकरांनी मात्र गुजराती ज्ञानकोशाचा घाट घातला आणि तो तडीस गेला नाही. १९३७ साली ते गेले, तेव्हा हाताशी पैसा नव्हता. घरात तेवीस खंड होते.

आमच्या गावच्या शाळेत लाकडी कपाटात त्यातले तीन खंड होते. बाकीचे कुठे गेले कुणास ठाऊक. ‘शरीरखंड’ अशी पाठीवर सोनेरी अक्षरे पाहून आम्हां मुलांना वाटे, यात हाडांची चित्रे असणार! पुढे कळले की शरीर म्हणजे कोशाचे शरीर. असो.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच १९६० साली राज्याने साहित्य संस्कृती मंडळ स्थापले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे मराठी विश्वकोशाचे काम आले. कचेरी वाईला, कृष्णेकाठी. पहिला खंड १९७६ साली निघाला. शास्त्रीबुवा १९९४ साली गेले. विसावा खंड पुरा झाला तो २०१५ साली. केतकरांना हे दहा वर्षांच्या आत जमले आणि सरकारला चार दशके लागली, असा टोमणा लोक मारतात. तो अर्धाच खरा आहे. केतकरांना वर्गणीदार दारात उभा दिसत होता, म्हणून घाई करावी लागली. वाईच्या मंडळींना नोंद पुन्हा तपासायला सवड होती, आणि तपासलेल्या नोंदींचा गुण त्यात दिसतोही. पण पहिला खंड घेणाऱ्या कित्येकांना शेवटचा पाहायला मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

आता शिक्षकमित्रांशी थोडे कामाचे बोलतो. छापून निघालेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याचा कायदा १८६७ साली झाला. छापखान्याने पुस्तकाचे नाव, कर्ता, पाने, आकार, किंमत, किती प्रती काढल्या, हे सरकारला कळवायचे. त्याच्या त्रैमासिक याद्या निघत. संशोधकाला त्या म्हणजे खजिना. हा कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने मागे पडला, आणि नव्या कायद्याने पुस्तके आपल्या कक्षेतून वगळली आहेत. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठिकाणी प्रत धाडायची असते, ते आहेच. शंकर गणेश दाते यांनी तर १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची जवळजवळ एकट्याने केली. पण या साऱ्या याद्या निघालेल्या पुस्तकांच्या. न निघालेल्यांची नोंद कुठे? ती फक्त मलपृष्ठावर आणि अंकाच्या वेष्टणावर. आणि नेमके तेच आपला बाइंडर फाडून टाकतो! अंक बांधायला दिले की रंगीत वेष्टणे आणि जाहिरातीची पाने तो रद्दीत घालतो. पुठ्ठा नीट बसावा म्हणून. मी एका तालुक्याच्या वाचनालयात वीस वर्षांचे मासिक पाहिले. बांधणी उत्तम, एकही वेष्टण शिल्लक नाही. म्हणून तुमच्या शाळेचे किंवा गावच्या वाचनालयाचे जुने अंक बांधायला जातील तेव्हा बाइंडरला बजावून सांगा की वेष्टण आत बांध.

परवा अशाच एका न बांधलेल्या गठ्ठ्यात मला शतकापूर्वीच्या एका मासिकाचा अंक मिळाला. वेष्टणावर एका इतिहासग्रंथाची जाहिरात, ‘लवकरच प्रसिद्ध होईल’. खाली कुणा गुरुजींनी शिसपेन्सिलीने लिहिले होते, ‘एक रुपया मनिऑर्डरने पाठवला’, पुढे तारीख. त्याखाली दोन वर्षांनंतरची दुसरी तारीख, ‘पत्र टाकले’. मी त्या ग्रंथाचा खूप शोध घेतला, दात्यांची सूची पाहिली, मुंबई-पुण्याची ग्रंथालये पाहिली. तो निघालेला दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर एखादे फाटके पुस्तक असेल आणि त्यात सातारा भागातल्या किल्ल्यांची माहिती असेल, तर त्याचे पहिले पान आणि शेवटचे पान मला जरूर कळवा.